मालकाची बाजू

मी बी.ए. आहे, अर्थशास्त्र आणि इतिहास घेऊन, दुसऱ्या वर्गात. कॉलेजचा कट्टा, गॅदरिंग, कॅन्टीनमधली उधारी यातलं काहीच माझ्या वाट्याला आलं नाही, कारण मी मुंबई विद्यापीठाच्या दूरशिक्षणातून शिकले. बारावीनंतर मस्जिद बंदरला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात लागले होते. तिथं वरची जागा फक्त पदवीधराला मिळायची, म्हणून फॉर्म भरला. अभ्यासाची गोडी वगैरे नंतर लागली, आणि तीही सगळ्या विषयांची नाही.

दूरशिक्षण म्हटलं की लोक जरा तिरकं बघतात. ‘अच्छा, एक्स्टर्नल का!’ असं म्हणून विषय बदलतात. पुढे इतिहास वाचताना मला कळलं की 18 जुलै 1857 ला स्थापन झालेलं आपलं विद्यापीठ सुरुवातीला कुणाला शिकवतच नव्हतं. ते फक्त परीक्षा घ्यायचं. शिकवायचं काम एल्फिन्स्टनसारख्या कॉलेजांचं. 1862 साली न्यायमूर्ती रानडे आणि रा. गो. भांडारकर यांच्यासह पहिले बी.ए. बाहेर पडले ते अशाच विद्यापीठातून. विद्यापीठाचा स्वतःचा पदव्युत्तर विभाग निघायला 1919 साल उजाडलं, आणि तो समाजशास्त्राचा होता. हे सगळं मी ऑफिसात दोघातिघांना मोठ्या उत्साहानं ऐकवलं. कुणावर काहीही परिणाम झाला नाही.

अभ्यासाची व्यवस्था सांगण्यासारखी नाही. लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमची एक खोली आणि पुढे सगळ्यांची मिळून गॅलरी. शेजारची मुलं रात्री वरळीच्या अभ्यास गल्लीत जायची. तिथं पोदार हॉस्पिटलच्या बाजूच्या रस्त्यावर दिव्याखाली बसून कितीतरी पोरं बारावी, सीए, एमपीएससी पार करून गेली आहेत. ऑफिसातून येऊन, भांडी आवरून रात्री अकराला मी तिकडे निघाले असते तर चाळीत आठवडाभर तोच विषय झाला असता. म्हणून मी गॅलरीतच बसायचे, आणि रविवारी दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात. गणपतीचे दिवस सोडून द्यायचे. लालबागमध्ये त्या दिवसांत अभ्यास करतो म्हणणारा एकतर खोटं बोलतो किंवा बहिरा असतो.

शनिवार-रविवारी कधीकधी कलिन्याला व्याख्यानं असायची. करी रोडहून कुर्ला, तिथून शेअर रिक्षा. वर्गात माझ्यासारखेच सगळे: बेस्टचा एक कंडक्टर, हॉस्पिटलातल्या दोन आया, दोन मुलांची आई असलेली एक बाई जिला नवऱ्यानं ‘बघू किती दिवस टिकतेस’ म्हटलं होतं, पोलीस भरतीच्या तयारीतले तिघेचौघे. अर्थशास्त्राला एक बाहेरचे सर यायचे. त्यांचं निम्मं शिकवणं उत्तर कसं लिहायचं यावर असायचं. ‘स्पष्ट करा’ आणि ‘टीकात्मक परीक्षण करा’ यात फरक आहे, हे त्यांच्याइतकं जीव तोडून सांगणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. ‘स्पष्ट करा’ला पुस्तकातलं मांडलं की झालं. ‘परीक्षण करा’ म्हटलं की दोन्ही बाजू हव्यात. आणि तुम्हाला जी बाजू पटत नाही ती लिहिताना त्या बाजूचा वकील गरीब ठेवायचा नाही, असं ते म्हणायचे. त्याला नीट बोलू द्यायचं, त्याचा सगळ्यात भक्कम मुद्दा आधी मांडायचा. आपलं मत शेवटच्या चार ओळींत. तेवढ्यात मावत नसेल तर ते मत नाही, राग आहे.

ऐकायला हे सोपं वाटलं. माझ्या आड आलं ते भाडं.

मागणी-पुरवठ्याच्या धड्यात कमाल किमतीचा भाग आहे. आकृती साधी: मागणीची एक रेघ खाली येणारी, पुरवठ्याची वर जाणारी, दोघी जिथं छेदतात ती समतोल किंमत. त्याखाली सरकारनं एक आडवी रेघ मारली की ती कमाल किंमत. मग परिणाम येतात: टंचाई, दर्जा घसरणं, काळाबाजार. आणि उदाहरण म्हणून घरभाडे नियंत्रण. मी वाचता वाचता थांबले, कारण ते आमचंच घर होतं. 1947 च्या कायद्यानं मुंबईतली जुनी भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठवली. पुढे 1999 चा कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला, त्यानं वर्षाला चार टक्के वाढ दिली. आमचं भाडं तेव्हाही शंभराच्या आतच होतं. शंभराचे चार टक्के म्हणजे वडापावही येत नाही. मालकाचे मेहता महिन्याला येऊन पावती फाडायचे. ती पावती आई तांदळाच्या डब्यामागच्या पत्र्याच्या पेटीत ठेवायची, कारण पावती म्हणजे घर.

आमच्या चाळीत मालक हा शिवी देण्याचाच विषय. जिन्यातला दिवा गेला, मालक. गच्ची गळते, मालक. मागच्या बाजूला लाकडी टेकू लागले, ते म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे खेटे घालून लावून घेतले, त्यातही शिवी मालकालाच. मी हे सगळं ऐकत मोठी झाले आणि त्यातलं बरंचसं खरंही आहे. आता मात्र वहीत मला लिहायचं होतं की गोठवलेल्या भाड्यातून मालक दुरुस्ती करू शकत नाही. की खोली हस्तांतर होताना पगडीतला, म्हणजे नवा भाडेकरू खोलीसाठी मोजतो त्या रकमेतला, साधारण तिसरा हिस्सा तो घेतो, कारण घरातून उत्पन्न म्हणावं असं त्याला तेवढंच मिळतं. की भाडं इतकं कमी असल्यामुळे कुणी खोली सोडत नाही आणि बाहेरून मुंबईत येणाऱ्या गरिबाला भाड्यानं घर मिळत नाही. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात जड गेला. आम्ही गरीब म्हणून कायद्यानं आम्हाला सांभाळलं, इथवर ठीक. पण आमच्या मागून आलेल्या गरिबाच्या आम्ही आड येत होतो, हे आमच्या गॅलरीत कधी कुणी बोललं नव्हतं.

अर्थात शेवटच्या चार ओळी माझ्या होत्या. कायदा नसता तर गिरणगावातला माणूस 1950 सालीच ठाण्यापलीकडे दिव्याला पोचला असता आणि गिरण्यांना पहिल्या पाळीला कामगार मिळाला नसता. गिरणीमालकांना शहरात कामगार हवा होता, फक्त त्याच्या राहण्याचा खर्च नको होता. हे मी आजही म्हणते. पण त्याच्या आधीची दोन पानं लिहिल्याशिवाय म्हणत नाही.

भाड्याचं निभावलं. संपाचं तसं नव्हतं.

तिसऱ्या वर्षाला कामगार अर्थशास्त्राचा भाग होता, त्यात मुंबईचा गिरणी संप. बाबा तेव्हा साठीच्या आसपास, एका इमारतीत रात्रीचे वॉचमन. त्याआधी गिरणीत, साच्यावर म्हणजे मागावर, बदली कामगार. बदली म्हणजे रोज सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं, कायमवाला आला नाही तर आत घेणार, नाहीतर परत. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा त्यांचं वय पंचविशीच्या जरा पुढे होतं. साठएक गिरण्या, अडीच लाखांच्या घरात कामगार. घरात या विषयावर बोलायची एक ठरलेली पद्धत होती: बाबा बोलणार, आम्ही ऐकणार. डॉक्टरसाहेब देवमाणूस, मालक हरामखोर, सरकार मालकांचं. डॉक्टरसाहेब म्हणजे संपाचे पुढारी दत्ता सामंत.

मी एका रविवारी दुपारी त्यांच्यासमोरच मुद्दे काढत बसले होते. कारणांचे मुद्दे त्यांना तोंडपाठ होते, पुस्तकापेक्षा जास्त. बोनसवरून आधीपासून धुमसत होतं. 1946 च्या औद्योगिक संबंध कायद्यानुसार एका धंद्यात एकाच संघटनेला वाटाघाटीचा अधिकार, तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, आणि कामगार तर त्यांना मानत नव्हते. मग संपाची निम्मी मागणी पगाराची आणि निम्मी ‘आमच्या वतीनं बोलणारा आम्ही ठरवू’ ही. हे बाबांनी मला इतकं नीट समजावलं की सरांनीही समजावलं नसतं. मी भराभर लिहून घेतलं.

मग म्हटलं, ‘बाबा, आता मालकांची बाजू.’

‘त्यांना कसली बाजू?’

मी पुस्तकातून वाचून दाखवलं. यंत्रं जुनी झालेली. कापसाचा भाव, कर. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागावर कापड स्वस्त पडायचं, कारण तिथं ना पगाराचा करार, ना फंड, ना पाळ्यांचं बंधन. गिरणी चालवण्यापेक्षा बंद ठेवणं काही मालकांना परवडणारं होतं.

‘हे तर मीच तुला सांगतो की,’ बाबा म्हणाले. ‘आमच्याच गिरणीचा शिक्का मारून भिवंडीचं कापड विकायचे. ही बाजू झाली की चोरी झाली?’

मी म्हटलं, दोन्ही असू शकतं. परीक्षेत पहिली बाजू म्हणून लिहायचं आणि मग चोरी का ते पुढच्या परिच्छेदात. बाबा उठून गॅलरीत गेले. जाता जाता म्हणाले, ‘लिही, लिही. मार्क देणारा पण कुणातरी मालकाचाच असेल.’

त्यानंतर बरेच दिवस अभ्यासाचा विषय निघाला की ते रेडिओ मोठा करायचे. त्यांचा राग मला कळत होता. पुस्तकात ‘परिणाम’ या मथळ्याखाली पहिलंच वाक्य होतं, संप अयशस्वी झाला. बाबांचं म्हणणं, संप मागे घेतलाय कुठं? ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. तो संप रीतसर कधीच मागे घेतला गेला नाही. ऑक्टोबर 1983 मध्ये केंद्र सरकारनं मुंबईतल्या तेरा गिरण्यांचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं, काहीजण कामावर परत गेले, काहींना घेतलंच नाही, बदलीवाल्यांना तर कुणी विचारलंही नाही. मग 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचं काय करायचं ते आलं, 2001 मध्ये त्यात बदल होऊन शहराच्या आणि घरांच्या वाट्याची जमीन आक्रसली, 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तो बदल उचलून धरला. फिनिक्स मिलचा मॉल झाला. हे सगळं माझ्या उत्तरात तीन ओळींत बसत होतं. त्या तीन ओळींत बाबांची तिशी, चाळिशी आणि पन्नाशी गेली. मार्काच्या हिशेबात त्याहून जास्त जागा देता येत नव्हती.

मध्ये पडली आई. ती भांडण मिटवायला आली नव्हती, तिला निवडलेले तांदूळ ठेवायला मी पसरलेल्या कागदांची जागा हवी होती. तिनं विचारलं, ‘एवढं काय लिहितेस दोघांचं?’ मी सांगितलं, कामगारांची बाजू आणि मालकांची बाजू. ती म्हणाली, ‘आणि खानावळीचं?’

आमच्या घरी माझ्या आजीची खानावळ होती, हे मला ऐकून माहीत होतं. गावाहून एकटे आलेले गिरणीवाले, महिन्याच्या बोलीवर दोन वेळा जेवायचे. आई लग्न होऊन आली ती थेट चुलीपुढे. भाकऱ्या थापत पहिल्या पाळीचे डबे पहाटे, तिसऱ्या पाळीचे रात्री. संप झाला तेव्हा पहिल्या महिन्यात कुणी हललं नाही, सगळ्यांना वाटायचं आठ-पंधरा दिवसांत मिटेल. जेवण चालूच, पैसे संप मिटल्यावर. मग एकेक जण गावाला गेला. शिमग्याला जातो म्हणून गेले ते आलेच नाहीत. वाण्याची उधारी आजीच्या नावावर, कारण पीठ-तांदूळ तिनं आणलेलं. तो वाणी काही संपावर नव्हता. आईनं मंगळसूत्राच्या वाट्या सोडून बाकीचं गहाण टाकलं आणि पुढे कोणाकोणाच्या घरी पोळ्या लाटायला लागली, ते माझ्या जन्मानंतरही कितीतरी वर्षं. आईनं हे सांगितलं ते तांदूळ डब्यात ओतत, हिशेब सांगावा तसं. कुणाला शिवी नाही, कुणाचं नाव नाही. मी विचारलं, पैसे बुडवून गेले त्यांचा राग नाही येत? ‘त्यांच्याकडे होते कुठं?’

बाबा गॅलरीत होते. ऐकत असणार.

खानावळवाल्या बायकांचा उल्लेख अभ्यासाच्या पुस्तकात नव्हता. ग्रंथसंग्रहालयात शोधल्यावर अन्नपूर्णा महिला मंडळाची माहिती मिळाली: प्रेमा पुरव यांनी 1975 साली या खानावळवाल्या बायकांसाठीच सुरू केलेलं, बँकेचं कर्ज मिळवून देण्यापासून. म्हणजे या बायका कुणाला दिसत नव्हत्या असं नाही. गिरणीच्या हजेरीपटावर नसल्यामुळे त्या संपाच्या हिशेबात आल्या नाहीत, इतकंच.

परीक्षेचं केंद्र दादरला एका कॉलेजात आलं. संपावर प्रश्न आला, हवा तसा नाही, पण ओढून बसवता येईल असा. मी ठरल्याप्रमाणे कारणं लिहिली, मालकांचा मुद्दा भक्कम करून लिहिला, यंत्रमागाचं, जमिनीचं लिहिलं. पुरवणी मागितली आणि तिच्यावर आईचं लिहिलं, नाव न घेता, ‘गिरणीवर अवलंबून असलेला घरगुती रोजगार’ असा मथळा देऊन. शेवटच्या चार ओळींना वेळ उरला नाही. माझं मत त्या उत्तरात नाहीच. पेपर तपासणाऱ्यानं त्याला किती मार्क दिले ते कळायला मार्ग नाही. त्या पेपरात एकूण बरे पडले.

निकाल, गुणपत्रिका, मग पदवीचं प्रमाणपत्र, यात रस वाटावा असं काही नाही. फोर्टला कावसजी जहांगीर सभागृहात, राजाबाई टॉवरच्या शेजारी, पदवीदानाचा समारंभ होतो, तिथं मंचावर पीएचडीवाले आणि पदकवाले. माझं प्रमाणपत्र मी कलिन्याला रांगेत उभं राहून घेतलं. सभागृह आतून बघायचं राहून गेलंय. त्यातल्या मोठ्या गोल काचेच्या खिडकीत बारा राशी रंगवलेल्या आहेत म्हणतात, त्या बघायच्या आहेत. ऑफिसातली वरची जागा मिळाली, आणि पगार वाढला तेव्हा बाबांनी पेढे आणले. बी.ए. झाल्याचे त्यांनी आणले नव्हते, आईनं आणले होते.

पदवीनं काय शिकवलं हे मला गेल्या वर्षापासून जास्त कळतंय, कारण आमच्या चाळीचा पुनर्विकास निघालाय. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत, विकास नियमावलीच्या 33 (7) खाली. 51 टक्के भाडेकरूंची संमती झाली की प्रस्ताव पुढे सरकतो. बैठका गच्चीवर होतात. पहिल्या बैठकीत सगळे जोरात होते: जागा किती, कॉर्पस म्हणजे पुढच्या देखभालीची ठोक रक्कम किती, बाहेर राहायचं तेवढे महिने भाडं किती. मी उठून विचारलं की याच्यात बिल्डरला काय उरतं, कारण त्याला काही उरत नसेल तर तो अर्ध्यावर सोडून जाईल आणि आपण बाहेरच राहू. लालबाग-परळमध्ये पाडलेल्या आणि तशाच राहिलेल्या चाळी सगळ्यांनी बघितल्या आहेत. तरीपण मागून आवाज आला, ‘ही कुणाची माणूस?’

राग आला, पण चार ओळींत मावेल इतकाच. मी बसले नाही. बिल्डरचा विकाऊ भाग किती, बांधायला चटईक्षेत्र किती मिळतं, आपल्या भागातले दर साधारण काय, बँक गॅरंटी का मागायची, असं कागदावर मांडून दाखवलं. मालकाचा हिस्साही धरला. त्यावरून परत गलका. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी मला सांगितलं की एवढं शिकल्यावर माणूस आपला राहत नाही. त्यांचं अगदीच चूक आहे असं मी छातीठोक म्हणू शकत नाही. पूर्वी मी गच्चीवर सगळ्यांबरोबर ओरडू शकले असते, आणि त्यात एक सुख होतं. ते आता मिळत नाही. दुसऱ्या बाजूला काय वाटत असेल हे डोक्यात आपोआप सुरू होतं. भाजीवाल्याशी घासाघीस करतानाही होतं, तिथं तर फारच गैरसोयीचं आहे.

बाबा त्या बैठकीत एका कडेला खुर्ची टाकून बसले होते. माझ्या बाजूनं एक शब्द बोलले नाहीत. संपाच्या सभांना गेलेल्या माणसाला गच्चीवरच्या या गर्दीचं काय वाटलं असेल ते मी विचारलंही नाही. घरी आल्यावर जेवताना म्हणाले, बँक गॅरंटीचं बोललीस ते बरं केलंस, आम्ही कुठल्याच कागदावर कुणाची गॅरंटी मागितली नव्हती. मग आईनं ताक वाढलं आणि विषय पाण्याच्या मोटरकडे गेला.

येत्या रविवारी बिल्डरचा माणूस येणार आहे. बाबांनी त्याला विचारायचे प्रश्न मला लिहून ठेवायला सांगितलेत, मोठ्या अक्षरात, चष्म्याशिवाय वाचता येतील असे. आणि प्रत्येक प्रश्नाखाली दोन ओळी सोडायला सांगितल्यात. ‘तो काय सांगून सुटायला बघेल ते तिथं लिही,’ म्हणाले. ‘तुला जमतं ते.’